जीपचा मागचा एक्सल: सरळ करावा की नवा घालावा?

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि दक्षिणेला पूर्णा वाहते. सोनाळा, टुनकीकडून पायथ्याला लागलं की अंबाबरवा अभयारण्याचा भाग सुरू होतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारं हे जंगल सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं आहे. तिकडच्या वाटा म्हणजे गोटे, चढ आणि ओलांडायचे नाले. खाली वरवट बकाल, पातुर्ड्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात ती चाक धरते आणि सोडत नाही. जीपच्या मागच्या एक्सलचं नुकसान दोन्हीकडे होतं, पण तऱ्हा वेगळी. गोट्यावर आपटलं तर हाऊसिंग वाकतं, चिखलात जोर लावला तर शाफ्ट पिळतो.

अशाच एका जुन्या, पाट्यांवर बसणाऱ्या महिंद्रा जीपभोवती दोन मतं समोरासमोर आली. एक मामांचं. गाड्यांखाली झोपून काम करण्यात त्यांची हयात गेली. दुसरं भाच्याचं. तो आयटीआय करून नाशिकला एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागला आणि सुटीत गावी आला. अशी जोडी जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडेल, म्हणून नावांची गरज नाही. जीप नाल्यात जोरात आदळली होती. मागचं डावं चाक वरच्या बाजूनं आत कललं होतं आणि ड्रमच्या कडेनं ऑइल पाझरत होतं.

"मामा, यात हात घालू नका," भाचा म्हणाला. "पूर्ण एक्सल असेंब्ली बदला. हाऊसिंग, शाफ्ट, डिफरेन्शियल, सगळं एकदम. एकदा खर्च अन् डोक्याचा ताप खतम."

"काय मोडलं हाये, हे पाह्यलं का तू?"

"दिसूनच रायलं ना. चाक कललं, ड्रममधी ऑइल उतरलं."

"सील गेलं तरी ऑइल उतरते, बापू. बेअरिंग गेलं तरी चाक कलल्यावानी दिसते. शाफ्ट वाकला तरी सील टिकत नाई. हाऊसिंग वाकलं तरी नाई टिकत. चार दुखणे, अन् वरून दिसाले एकच. तू तं डायरेक ऑपरेशनवर गेला."

मामांचा हा आक्षेप नीट ऐकण्यासारखा आहे. एक्सल बदला म्हणणारे आणि दुरुस्त करा म्हणणारे बहुतेक वेळा दोघंही तपासणीच्या आधीच निकाल देतात. तपासायला महागडं काही लागत नाही. जीप सपाट जागी जॅकवर उचलायची, चासीखाली घोड्या लावायच्या, पुढच्या चाकांना ओट लावायचे. मग चाक वरून आणि खालून धरून हलवायचं. खडखड हाताला लागली तर बेअरिंग गेलं आहे. नंतर चाक हळू फिरवायचं. फिरताना ते आतबाहेर डोलत असेल तर शाफ्ट वाकला आहे. कललेलं आहे, पण फिरताना डोलत नाही, एकाच कोनात फिरतं, असं दिसलं तर दोष हाऊसिंगच्या नळीत आहे, कारण नळी फिरत नाही.

मामांनी ओळंबा आणला. गवंड्याचाच, दोरीला लोखंडी लंबक. उजव्या चाकाशी दोरी जवळजवळ समांतर राहिली. डाव्या चाकाशी वरच्या बाजूला अंतर पडलं, खाली टेकली. मग दोन्ही टायरांच्या मधल्या रेघेवर खडूची खूण करून एक्सलच्या पुढून आणि मागून टेपनं अंतर घेतलं. सरळ हाऊसिंगमध्ये ही दोन मापं सारखी येतात. इथे पुढचं अंतर जास्त भरलं.

"म्हणजे नळी वरही वाकली अन् मागंही गेली," भाचा म्हणाला. "आदळलं तेव्हा वर, गोट्यानं चाक मागं ढकललं तेव्हा मागं. मी म्हटलं तेच झालं. बदला."

"हाऊसिंगचं म्हणाल तं बरोबर. पण हाऊसिंग म्हंजे पूर्ण एक्सल नोहे."

एक्सलचे भाग वेगवेगळे धरायला हवेत, हे मामांचं म्हणणं पटतं. नुसतं 'एक्सल' म्हटलं की त्यात किमान चार गोष्टी येतात. बाहेरचं हाऊसिंग गाडीचं वजन पाट्यांकडून घेऊन चाकांवर देतं. आतले दोन शाफ्ट ताकद चाकाला पोचवतात. मधला क्राऊन-पिनियनचा जोड प्रोपेलर शाफ्टची फिरकी काटकोनात वळवतो आणि तिचा वेग कमी करतो. वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या गतीनं फिरू देणारे डिफरेन्शियलचे छोटे गिअर त्यातच असतात. या चारही भागांचं पोलाद वेगळं, घडण वेगळी, म्हणून त्यांना लागणारा न्यायही वेगळा.

आपल्याकडच्या जीपचा वंश विलीजचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रानं विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनलं. इकडे तीच घडण थोड्याफार फरकानं पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीजचा मागचा एक्सल 'फुल फ्लोटिंग' होता. म्हणजे चाकाचा हब हाऊसिंगच्या टोकावर दोन बेअरिंगांवर बसायचा आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम असायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर. नागरी जीपांत पुढे 'सेमी फ्लोटिंग' आला. यात शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही तोच पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं. मारुती जिप्सीचा मागचा एक्सलही सेमी फ्लोटिंगच.

ब्रिटनच्या जुन्या सीरीज लँड रोव्हरचे मागचे हाफ शाफ्ट तुटण्यासाठी प्रसिद्ध होते. आफ्रिका-ऑस्ट्रेलियातले चालक सोबत एक जास्तीचा शाफ्ट ठेवायचे. पण तो एक्सल फुल फ्लोटिंग असल्यामुळे बोल्ट काढून तुटलेला शाफ्ट ओढून घ्यायचा, नवा सरकवायचा आणि पुढे निघायचं, एवढं ते काम सोपं होतं. संग्रामपूरच्या जीपवाल्याला ती चैन नाही. म्हणून शाफ्टच्या बाबतीत इथे जास्त काटेकोर राहावं लागतं.

हब काढताना भाच्यानं हातोड्याकडे हात नेला, तर मामांनी पुलर पुढे केला. या जुन्या जीपांत हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि तिथे एक चावी असते. घट्ट बसलेला हब सोडवायला शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारला तर आटे जातात आणि मार आत डिफरेन्शियलपर्यंत पोचतो. परत बसवताना त्या टोकाचं नट किमान दीडशे फूट-पाऊंडांच्या जोरानं आवळावं लागतं. ढिलं राहिलं तर सगळा जोर चावीवर येतो, चावी कापली जाते आणि शाफ्टवरचा गाळा खराब होतो.

डावा शाफ्ट बाहेर आला. आतल्या टोकावरचे दाते सरळ रेषेत असायला हवे होते. ते किंचित तिरपे झाले होते.

"हे नाल्यातलं नाई," मामा म्हणाले. "हे आधीचं. कोठी तरी चिखलात चाक फिरत राह्यलं, अन् एकदम कोरड्यावर लागलं."

काळ्या मातीत शाफ्ट कसा मरतो, याचं उत्तर या वाक्यात आहे. घसरणाऱ्या चाकाला विरोध कमी असतो, म्हणून नुसतं घसरताना शाफ्टवर फारसा ताण नसतो. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो, चाक वेगानं फिरतं आणि अचानक त्याला दगड किंवा कोरडी जागा सापडते. क्षणात फिरतं वजन थांबतं आणि तो झटका शाफ्टला पिळतो. मोठे टायर घातले असतील तर भर पडते. पकड तेवढीच, पण चाकाची त्रिज्या जास्त, म्हणून शाफ्टवर पीळ जास्त. रुबाबासाठी मोठे टायर घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

गाडीसोबत आलेल्या एकानं सुचवलं, "तिरपा झाला तं काय झालं, तापवून सरळ करू. नाहीतर तुटल्यावर वेल्डिंग मारू."

यावर मामा-भाच्यांचं एकमत व्हायला क्षण लागला नाही.

"शाफ्टले वेल्डिंगचा रॉड लावाचा नाई," मामा म्हणाले. "माह्या गॅरेजमधी तं नाईच."

भाच्यानं कारण सांगितलं. शाफ्टचं पोलाद कार्बन आणि मिश्रधातूंचं असतं. बाहेरचा थर तापवून, थंड करून मुद्दाम कठीण केलेला असतो, आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. या दोन्ही गुणांवर तो लाखो वेळा पीळ खाऊन टिकतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं हा हिशेब बिघडतो. जोडाच्या शेजारी कुठे पोलाद मऊ पडतं, कुठे काचेसारखं ठिसूळ होतं. वरून लेथवर मारून चकचकीत केलं तरी आत काय झालं ते डोळ्याला दिसत नाही. आणि सेमी फ्लोटिंग एक्सलमध्ये या जोडावर माणसं भरलेली गाडी उभी असते.

शाफ्ट बदलायचा, एवढं ठरलं. तुटलेला शाफ्ट हाती आला तर फेकण्याआधी त्याचं तोंड पाहावं. कडेपासून आत सरकत गेलेल्या रेषा आणि त्यावर गंजाची काळसर छटा असेल, तर भेग बरेच दिवस वाढत होती, शेवटच्या झटक्यानं उरलेलं तोडलं. सगळं तोंड एकसारखं चमकदार आणि दाणेदार असेल, तर एकाच आघातात तुटला. पहिल्या प्रकारात दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तेवढाच म्हातारा असतो. म्हणून भाचा जोडीनं बदला म्हणतो ते योग्य आहे आणि मामांनीही मान्य केलं.

हाऊसिंगपाशी मात्र वाद पुन्हा पेटला.

"वाकलेलं लोखंड पुन्हा सरळ केलं की कमजोर होते," भाचा म्हणाला. "कंपनी सरळ कराले सांगत नाही."

"कंपनीच्या माणसाकडे नवं हाऊसिंग कपाटात असते, बापू. इथं ते कधी येईन? जुन्या मॉडेलचं तं भेटीनच असं नाई. अन् नळीचं लोखंड शाफ्टवानी कडक केलेलं नसते. ते साधं हाये, ते वेल्डिंग घेते, ते वाकते अन् सरळही होते. मांडीचं हाड अन् गुडघ्याची वाटी एकाच औषधानं बरे होतात का?"

हा मुद्दा मामांच्या बाजूनं जड आहे. जीपच्या एक्सलमध्ये मधला गोळा ओतीव असतो आणि दोन्ही बाजूंना नळ्या त्यात दाबून, वेल्डनं अडकवलेल्या असतात. नळी वाकली आणि ओतीव गोळा शाबूत असला, तर दुरुस्तीला जागा आहे. ओतीव गोळ्याला तडा गेला असेल तर ती जागा फार कमी उरते, कारण ओतीव लोखंड वेल्डिंगला रुसतं. आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, सावकाश थंड करावं लागतं, तरी खात्री नाही.

म्हणून पहिलं काम तडा शोधणं. मामांनी गोळा आणि नळीचा जोड घासून कोरडा केला, त्यावर रॉकेल लावलं, थोड्या वेळानं पुसलं आणि खडूची पूड चोळली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूतून परत वर येतं आणि ओली रेघ उमटते. रेघ उमटली नाही. नळी गोळ्यात फिरली आहे का, तेही पाहिलं; जोडाच्या वेल्डला चीर नव्हती.

मग सरळ करायची पद्धत. प्रेसवर दाबून सरळ करता येतं. अनुभवी माणूस वेगळीही रीत वापरतो: वाक ज्या बाजूनं फुगला आहे त्या बाजूला नळीवर वेल्डिंगचे आडवे टाके घालायचे. टाका थंड होताना आकसतो आणि नळी आपल्याकडे ओढतो. थोडं करायचं, थंड होऊ द्यायचं, मापायचं, पुन्हा करायचं.

"मापाचं कशानं? ओळंब्यानं?" भाच्यानं विचारलं. "मामा, चाक सरळ दिसलं म्हणजे नळी सरळ झाली असं नाही. बेअरिंग बसते ते भोक डिफरेन्शियलच्या भोकाशी एका रेषेत पाह्यजे. थोडं जरी हललं तरी सील पुन्हा फाटीन, बेअरिंग गरम होईन, अन् दोन महिन्यानं तुम्हीच म्हणान की सील खराब आलं होतं."

इथे भाचा जिंकतो, आणि ही जागा महत्त्वाची आहे. दुरुस्त केलेले हाऊसिंग बदनाम होतात ते वाकलेल्या लोखंडामुळे कमी आणि डोळ्यानं मापण्यामुळे जास्त. यावर उपाय आहे आणि तो लेथवाल्याच्या हातात आहे. डिफरेन्शियलच्या बेअरिंगच्या जागी आणि नळीच्या टोकाशी अगदी बसतील अशा चकत्या वळून घ्यायच्या, त्यांच्या मध्यभागी सारख्या मापाचं भोक, आणि त्यातून एक सरळ जाड सळई आरपार घालायची. सळई हातानं सहज सरकली आणि फिरली तर नळी सरळ आहे. अडकली तर नाही. हे खामगाव किंवा अकोल्याच्या चांगल्या लेथवर होण्यासारखं काम आहे. मामांनी सळईची अट मान्य केली.

तोवर मागचं झाकण उघडून डिफरेन्शियलचं ऑइल तसराळ्यात काढलं होतं. नव्वद नंबरचं ऑइल काळसर असायला हवं, ते चहासारखं दुधाळ निघालं. म्हणजे पाणी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नदी-नाल्यांना पूर आले, शेतंच्या शेतं खरडून गेली. अशा दिवसांत गाड्या पाण्यातून काढाव्याच लागतात. चालून तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. वरच्या ब्रीदरमधून हवा आत जाऊ शकली तर ठीक. ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या कडेनं पाणी आत घेते. पाणी आणि ऑइल घुसळून दुधाळ होतं, दातांवर तेलाची परत टिकत नाही आणि बेअरिंगांवर गंजाचे डाग पडतात. पुरातून काढलेल्या गाडीचं इंजिन सगळे तपासतात, एक्सलचं ऑइल फार थोडे.

"मंग क्राऊन-पिनियनही गेलं धरा," भाचा म्हणाला.

"धरू नको. पाह्य."

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलायचे तर जोडीनंच. एक जुना आणि एक नवा घातला तर आवाज सुरू होतो आणि दोन्ही लवकर जातात. इथे दात शाबूत होते. तळाला राखाडी लेप होता, तो चालतो. धातूचे तुकडे नव्हते. मामांनी शेंदूर तेलात कालवून काही दातांवर लावला आणि पिनियन फिरवला. दुसऱ्या दातावर उमटलेला ठसा मधोमध आला तर जोड नीट बसला आहे. टोकाला किंवा मुळाशी सरकला तर शिम कमी-जास्त करून पुन्हा बसवायचा. दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, ती डायल गेजनं बघायची. भाच्याकडे गेज होतं, मामांकडे शेंदूर. दोन्हींचं उत्तर एकच आलं: जोड ठेवायचा, बेअरिंग सगळी नवी.

भाच्यानं शेवटचा पर्याय मांडला. "कुर्ल्याहून जुना पूर्ण एक्सल आणू. चांगल्या गाडीचा. लावा अन् चालवा."

"त्याचा रेशो काय?"

भाचा गप्प झाला. मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीत मायापुरीला जुन्या गाडीचा एक्सल मिळतो, दिसायला तोच असतो, पाट्यांवरही बसतो. पण लष्करी विलीजमध्ये क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात होते, म्हणजे ४.८८, नागरी सीजे-३बीमध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. फोर व्हील ड्राइव्हच्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच असायला हवा. नसेल तर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाकं वेगळ्या वेगानं फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस भरडले जातात. दोन चाकांवर चालवताना हा दोष कळतच नाही. कळतो तो ऐन चिखलात. म्हणून जुना एक्सल घेताना दात मोजूनच घ्यावा. झाकण उघडू देत नसतील तर दोन्ही बाजूंची चाकं एकदम एक पूर्ण फेरा फिरवून पिनियनची फ्लँज किती फेरे फिरते ते मोजावं. ५.३८ चा असेल तर ती पाचाहून थोडी अधिक, साधारण एक-तृतीयांश फेरा जास्त फिरते.

दुसऱ्याच जातीच्या गाडीचा एक्सल घालण्याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडीच्या नोंदणीत एक्सलवरचं वजनही लिहिलेलं असतं. त्याच जातीचा भाग बदलणं ही दुरुस्ती आहे. भलताच एक्सल घालणं हा बदल आहे.

जीप जर भाड्यानं माणसं नेणारी असती तर प्रस्तुत लेखक भाच्याच्या बाजूनं उभा राहिला असता: मिळत असेल तर नवं हाऊसिंग घालावं, वाट पाहावी लागली तरी. सरळ केलेल्या नळीत पुढे तडा जाण्याची शक्यता नव्यापेक्षा जास्त असते आणि तो धोका भाडं देऊन बसलेल्या माणसानं का घ्यावा? ही जीप शेताची आणि घरची. मालकाला धोका माहीत आहे. म्हणून सळईच्या अटीवर हाऊसिंग सरळ करायचं, शाफ्ट दोन्ही नवे, बेअरिंग-सील नवे, क्राऊन-पिनियन तेच. मामांनी एक अट आपणहून वाढवली.

"यू-बोल्ट नवे आण. जुने ताणलेले असतात. अन् दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर गाडी परत आण, यू-बोल्ट पुन्हा आवळून देतो."

"अन् तेव्हा सळई नाही, पण टेप तरी लावा," भाचा म्हणाला. "पुढून-मागून माप. नळी सरळ झाल्यावर लिहून ठेवा, त्याच्याशी जुळवा. फरक पडला तं मी म्हणतो तसं नवं हाऊसिंग."

"फरक पडला तं मीच म्हणीन."

ब्रीदरवर मात्र दोघांचं आधीच जुळलं होतं. मूळ ब्रीदर काढून तिथे रबरी नळी बसवायची, ती चासीच्या कडेनं वर नेऊन मागच्या दिव्याच्या उंचीवर खाली तोंड करून बांधायची. नवीन ऑइल भरायच्या आधी भाच्यानं ती नळी तोंडानं फुंकून पाहिली, हवा आत गेली, आणि मग नव्वद नंबरचं ऑइल झाकणाच्या भोकापर्यंत भरलं.